मणका बसवणाऱ्याचा हात आणि कायद्याची हद्द

जालना शहरातल्या गजबजलेल्या रस्त्याने चालत जा आणि भिंतीवरच्या, विजेच्या खांबावरच्या पाट्या वाचा. ‘मणक्यातील गॅप, सायटिका, मानदुखी, गुडघेदुखी, ऑपरेशनविना खात्रीशीर उपचार.’ खाली मोबाइल नंबर. नावापुढे डॉक्टर लिहिलेले असते, पदवी मात्र नसते, आणि असली तरी ती कुणी दिली हे कळत नाही. आता या पाट्यांवर एक नवा शब्द दिसू लागला आहे: कायरोप्रॅक्टिक. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ वस्तीतल्या पोरासोरांनी पाहिलेले आहेत. माणूस पालथा झोपतो, दुसरा त्याची मान धरून एक हिसका देतो, कडकन आवाज येतो आणि रोगी हसत उठतो.

वस्त्यांमधल्या आरोग्य बैठकांत आम्हाला हमखास एक प्रश्न येतो, “ताई, हे मणका बसवणारे डॉक्टर असतात का? त्यांना परवानगी असते का?” प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे हजारो रुपये जातात आणि कधी कधी चालता माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून या वेळचे आरोग्य पान या एका प्रश्नासाठी.

कंबर कुणाची दुखते?

जालना म्हणजे लोखंडी सळयांचे शहर. औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये भट्टीच्या धगीत सळया ओढणारे, भंगार उचलणारे, गाडीवर माल चढवणारे हात आपल्याच वस्त्यांमधले आहेत. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातली माणसे दिवाळीनंतर ऊस तोडायला बाहेर पडतात. दिवसभर वाकून तोड, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे. कापूस वेचणाऱ्या बाया दिवसभर कंबरेत वाकलेल्या असतात. बांधकामावरच्या बाया सिमेंटची घमेली वाहतात, आणि घरी आल्यावर पाण्याचे हंडे असतातच.

या माणसांची कंबर दुखली की त्या दिवसाची हजेरी बुडते. चार दिवस दुखली तर चूल अडते. म्हणून त्यांना औषधापेक्षा आधी एकच गोष्ट हवी असते, उद्या सकाळी कामावर जाता आले पाहिजे. ‘एका बैठकीत आराम’ ही पाटी नेमकी याच गरजेवर बोट ठेवते.

आपण आधी कुणाकडे जातो?

पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यायची, हे आपल्या आजी-आजोबांनी केलेले आहे. जन्मताना पाय आधी बाहेर आले म्हणून कुणाच्या पायात औषध येत नाही. उसण म्हणजे स्नायूचा आखडलेपणा. तो बहुतेक वेळा आपोआपच सुटतो आणि श्रेय लाथेला मिळते. त्यानंतर येतो हाडवैद्य. हात मोडला की बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधणारा, लेप देणारा. दाढी-कटिंग झाल्यावर मान डावी-उजवी मोडून देणारी खुर्चीही आहेच. आणि आता या रांगेत कायरोवाला आला आहे.

लोक तिकडे का जातात, याचे उत्तर ‘अडाणीपणा’ असे देऊन चालणार नाही. सरकारी दवाखान्यात रांग लावायची तर रोज बुडतो. एमआरआयचा खर्च ऐकून छातीत धस्स होते. ऑपरेशनची भीती असते. आणि आणखी एक कारण आहे, जे बाया आम्हाला हळूच सांगतात: “तिथं निदान अंगाला हात लावून बघतात.” मोठ्या दवाखान्यात खुर्चीतून न उठता चिठ्ठी लिहिली जाते. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या स्पर्श नाकारला गेला, त्यातल्या माणसाला कुणी आपुलकीने पाठ दाबून ‘कुठे दुखते?’ विचारले की अर्धे दुखणे तिथेच कमी झाल्यासारखे वाटते. हे आम्ही खोटे मानत नाही. रोग्याला हात लावून तपासणे हा त्याचा हक्क आहे, आणि तो आपण सरकारी दवाखान्यातही ठामपणे मागितला पाहिजे. पण आपुलकीचा हात आणि शिकलेला हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायदा दुसऱ्या गोष्टीची नोंद ठेवतो.

कायरोप्रॅक्टिक आले कुठून?

ही पद्धत अमेरिकेतली. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात १८९५ मध्ये डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या माणसाने ती सुरू केली. तो डॉक्टर नव्हता, ‘चुंबकीय उपचार’ म्हणवला जाणारा उपचार करायचा. त्याचा पहिला रोगी म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो हार्वी लिलार्ड, इमारतीची साफसफाई करणारा कृष्णवर्णीय कामगार. अवघडून, वाकून काम करताना पाठीत काहीतरी सरकले आणि तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे त्याने सांगितले. पामरने त्याचा मणका दाबला आणि ऐकू येऊ लागले, असा पामरचा दावा. त्यावरून सगळे रोग मणका सरकल्याने होतात असा सिद्धांत मांडला गेला. वैद्यकशास्त्राने तो कधीच मान्य केला नाही.

खुद्द पामरला १९०६ मध्ये परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगात जावे लागले. पुढे अमेरिकेतल्या एकेका राज्याने या धंद्याला नियम घातले. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये सुरुवात केली आणि लुईझियाना १९७४ मध्ये सगळ्यात शेवटी आले. ब्रिटनमध्ये १९९४ साली कायरोप्रॅक्टर कायदा झाला. तिथे परिषदेच्या नोंदवहीत नाव नसलेल्याने स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवून घेणे हाच गुन्हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या शिक्षणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पूर्णवेळ शिक्षणासाठी किमान ४२०० तास सांगितले आहेत, आणि त्यातले १००० तास देखरेखीखाली रोग्यांवर काम करण्याचे. म्हणजे जिथे ही पद्धत मान्य आहे तिथेही चार-आठ दिवसांची कार्यशाळा करून, भिंतीला प्रमाणपत्र टांगून कुणी मानेला हात लावू शकत नाही. आणि इतके शिकलेल्यालाही तिथे सर्रास औषधे लिहिता येत नाहीत, शस्त्रक्रिया तर मुळीच करता येत नाही. शिक्षण जेवढे, तेवढीच हद्द.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळा कायदा नाही, वेगळी परिषद नाही, नोंदवही नाही. जिथे नोंदवही नाही तिथे ‘नोंदणीकृत कायरोप्रॅक्टर’ असे लिहिण्याला काही अर्थ उरत नाही.

२०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा केला. लॅब टेक्निशियन, क्ष-किरण तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट अशा डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य व्यवसायांसाठी हा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत व्यवसायांचे १० गट आहेत. फिजिओथेरपी त्यात आहे, कायरोप्रॅक्टिक नाही. फिजिओथेरपीची व्याख्या देताना कायद्याने व्यायाम, सांधे हलके हलवणे, विजेची व उष्णतेची उपकरणे यांबरोबर हाताने सांध्याला दिलेला झटकाही धरला आहे. म्हणजे मणक्यावर हाताने उपचार करण्याचे काम आपल्या कायद्याने शिकलेल्या फिजिओथेरपिस्टच्या हाती दिले आहे. तो स्वतंत्र दवाखाना चालवू शकतो. त्यासाठी किमान पदवी लागते. साडेचार वर्षांचा हा अभ्यासक्रम नव्या रचनेत पाच वर्षांचा झाला आहे. महाराष्ट्रात त्याआधीपासूनच व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेचा २००२ चा कायदा आहे आणि तिच्याकडे नोंदणी असते.

मग नोंदणी नसलेला माणूस काय करू शकतो? तेल लावून अंग चोळून देणे याला कुणी डॉक्टरकी म्हणणार नाही. पण तो रोगाचे निदान सांगू लागला, ‘तुमची चौथी-पाचवी चकती दबली आहे’ म्हणू लागला, क्ष-किरण फोटो वाचू लागला, गोळ्या-पुड्या आणि सुया देऊ लागला की ती वैद्यकी होते. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ च्या कलम ३३ प्रमाणे ज्याचे नाव कायद्याने ठरवलेल्या नोंदवहीत नाही, त्याने राज्यात कोणत्याही पद्धतीची वैद्यकी करायला मनाई आहे. पहिल्याच गुन्ह्याला किमान दोन वर्षांची सक्तमजुरी सांगितली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९ च्या कलम ३४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

भारतीय न्याय संहितेतला एक फरकही ध्यानात ठेवावा. १ जुलै २०२४ पासून ती लागू आहे. तिच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने कुणाचा मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून तसे झाले तर दोन वर्षांपर्यंत. नोंदणी नसलेल्याला ही सवलत मिळत नाही.

न्यायालये काय म्हणाली?

मुंबईतला पूनम वर्मा खटला या बाबतीत मैलाचा दगड आहे. १९९२ मध्ये तापाने आजारी पडलेल्या तिच्या पतीला एका होमिओपॅथी डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली, रोगी दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्नीला ३ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्या डॉक्टरकडे पदवी होती, नोंदणीही होती, पण ती होमिओपॅथीची. जी पद्धत आपण शिकलो नाही तिच्यात हात घालणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालयाने म्हटले. हद्द ओलांडणे म्हणजे काय, ते या एका खटल्यावरून समजते.

‘आमच्या बापजाद्यांपासून हे चालत आले आहे’ हा हाडवैद्यांचा नेहमीचा दावा. २०१८ मध्ये केरळातल्या पारंपरिक वैद्यांच्या संघटनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. मान्यताप्राप्त शिक्षण आणि नोंदणी नसेल तर केवळ परंपरेच्या जोरावर वैद्यकी करता येणार नाही, असा निकाल लागला. जन्माने मिळालेल्या अधिकाराला शिक्षणाने मिळालेल्या अधिकारापेक्षा मोठे मानायचे नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

‘डॉ.’ या दोन अक्षरांवरूनही वाद चालू आहे. ९ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी नावामागे ‘डॉ.’ लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. या वादात आपण पडायचे कारण नाही. पाच वर्षे शिकलेल्यांच्या बाबतीत इतका खल होत असेल, तर आठ दिवसांच्या प्रमाणपत्रावर ‘डॉ.’ लिहिणाऱ्याकडे संशयाने पाहण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

ज्याची त्याची हद्द

आम्ही परिचारिका. आमची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. सलाइन लावता येते, जखम बांधता येते, बाळंतपणात हात देता येतो. पण रोग्याने कितीही गळ घातली तरी स्वतःच्या मनाने औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही. ही आमची हद्द, आणि तिच्यात कमीपणा काही नाही. तशीच इतरांची.

हाडांचा डॉक्टर, म्हणजे एमबीबीएसनंतर अस्थिरोगात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला: निदान, औषधे, प्लास्टर, शस्त्रक्रिया.

एमबीबीएस डॉक्टर: तपासणी, निदान, औषधे, आणि गरज पडल्यास पुढे पाठवणे.

बीएएमएस डॉक्टर: याची नोंदणी भारतीय वैद्यक परिषदेकडे असते, आयुर्वेदातले उपचार तो करू शकतो.

फिजिओथेरपिस्ट: सांधे-स्नायूंची तपासणी, व्यायाम, शेक, हाताचे उपचार. सुई देणे, गोळ्या लिहिणे, चिरफाड करणे हे त्याचे काम नाही.

कायरोवाला, हाडवैद्य, मणका बसवणारा: वरीलपैकी एखाद्या नोंदवहीत त्याचे नाव असेल तर त्या नोंदवहीपुरती त्याची हद्द. नाव कुठेच नसेल तर उपचार करण्याची हद्दच नाही.

हद्द नसली तर काय होते?

हा नुसता कागदी वाद आहे असे कुणी समजू नये. पाठीच्या मणक्याला क्षयरोग होतो. दाट वस्ती, कोंदट खोल्या आणि अपुरे अन्न जिथे, तिथे क्षयरोग जास्त, म्हणजे आपल्याकडेच. मणक्याच्या क्षयात खोकला नसतोही. नुसती पाठ दुखते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते, रात्री दुखणे वाढते. आतून पोखरलेल्या अशा मणक्यावर कुणी गुडघा ठेवून दाब दिला तर मणका खचून मज्जारज्जू दबू शकतो आणि दोन्ही पाय कायमचे जाऊ शकतात. शिकलेला माणूस आधी ताप विचारतो, वजन विचारतो, संशय आला तर हात लावायचा थांबवतो. न शिकलेल्याला कुठे थांबायचे ते ठाऊक नसते. खरा धोका तिथे आहे.

मानेचेही तसेच. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. जोराच्या हिसक्याने धमनीचे अस्तर फाटून लकवा झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. त्या थोड्या आहेत, पण ज्याच्या घरात घडते त्याला थोड्या-जास्तीचा हिशोब कामाचा नाही. वयस्क बायांची हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यांना हिसका देणे म्हणजे हाड मोडण्याला आमंत्रण. आणि तो ‘कडकन’ आवाज? तो सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा तयार होण्याचा आवाज असतो. त्या आवाजाने कोणतेही हाड जागेवर बसत नाही.

कामट्यांची घट्ट पट्टी बांधल्यावर बोटे निळी-काळी पडली, गार लागली, मुंग्या आल्या, दुखणे वाढतच गेले तर पट्टी लगेच सोडून दवाखाना गाठावा. रक्त अडले तर काही तासांत हात निकामी होतो. लहान मुलांच्या बाबतीत तर एक रात्रही थांबू नये.

पुड्यांविषयी वेगळे सांगायला हवे. ‘खाल्ली की दोन तासांत आराम’ अशा बिननावाच्या पुडीत बहुधा स्टेरॉइड आणि तीव्र वेदनाशामक असते. महिनोन्‌महिने खाल्ल्यावर तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, पोटात जखमा होतात, किडनी बिघडते. संधिवात, लकवा, मधुमेह बरा करण्याची जाहिरात औषधाच्या किंवा चमत्कारी उपायाच्या नावाने करायला १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. आपल्या गल्लीत वाटली जाणारी पत्रके या कायद्यापुढे टिकत नाहीत.

कागद कुणाचा चालतो?

कष्टकरी घरासाठी ही बाजू फार मोलाची आहे. कारखान्यात, बांधकामावर किंवा तोडीवर असताना पाठीला मार लागला तर नुकसानभरपाई, कामगार विम्याची रजा, पुढे अपंगत्वाचे प्रमाणपत्र, या सगळ्याला नोंदणीकृत डॉक्टरचा कागद लागतो. वैद्यकीय किंवा तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र देण्याचा आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्याचा अधिकार कलम ३४ नुसार नोंदवहीत नाव असलेल्यालाच आहे. अपघात झाल्यावर पहिले पंधरा दिवस मणका बसवणाऱ्याकडे गेले की त्या पंधरा दिवसांचा कागद नसतो. मग मुकादम किंवा मालक म्हणतो, “कामावर लागलंच नव्हतं, घरी पडला असेल.” ही वाक्ये आम्ही अनेक घरांत ऐकली आहेत. म्हणून मार लागला की पहिला थांबा सरकारी दवाखाना. तिथे काय घडले, कुठे घडले, किती वाजता घडले ते नोंदवून घ्या आणि केसपेपर जपून ठेवा.

मग कंबर दुखली तर करायचे काय?

साधी कंबरदुखी, म्हणजे ताप नाही, पायात जोर आहे, लघवी-संडासावर ताबा आहे अशी, बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते. दिवसेंदिवस पडून राहू नये; जमेल तेवढे हिंडावे. शेकावे, वजन उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यात वाकावे, ओझे अंगाजवळ धरावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या सूचनांत व्यायाम, माहिती देऊन समजावणे, आणि शिकलेल्या हाताने केलेले मणक्याचे उपचार व मालिश यांचाही समावेश आहे. म्हणजे हाताच्या उपचाराने आराम पडतो हे खोटे नाही. फक्त तो तपासणीनंतर, शिकलेल्याच हाताने व्हावा, आणि त्याने मधुमेह, रक्तदाब, लकवा जातो असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

खालीलपैकी एक जरी खूण दिसली तर कुणालाही पाठ दाबू न देता दवाखाना गाठा: लघवी अडणे किंवा नकळत होणे, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातला जोर जाणे किंवा चप्पल पायातून निसटणे, ताप व वजन उतरणे, पडल्यानंतर लागलेली तीव्र कळ, पूर्वी कर्करोग झालेला असणे. पहिल्या तीन खुणांना तासांचा हिशोब असतो. १०८ ला फोन करा.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. गरज पडली तर तिथून जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत पाठवतात. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १००० रुपये बँकेत जमा होतात. शस्त्रक्रिया लागलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का ते १५५३८८ वर विचारावे.

तक्रार कुठे करायची?

बोगस वैद्यकीय व्यावसायिकांवर कारवाईसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते. तालुक्याला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, जालना शहरात महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. इजा झाली असेल तर पोलीस ठाण्यात फिर्याद. पैसे देऊन घेतलेल्या उपचारात फसवणूक झाली तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. उपचारासाठी दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइन क्रमांक आहे. पावती, पत्रक, पाटीचा फोटो, मोबाइलवरून पाठवलेले पैसे, हे सगळे पुरावे आहेत. पावती देत नसेल तर पैसे मोबाइलवरूनच द्यावेत, म्हणजे नोंद राहते.

पाच प्रश्न

कोणाच्याही हाती आपली मान देण्याआधी हे पाच प्रश्न विचारावेत. विहारातल्या फळ्यावर ते लिहून ठेवले तर फार बरे.

१. तुमची पदवी कोणती आणि कोणत्या विद्यापीठाची?
२. नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे? क्रमांक दाखवा.
३. हात लावण्याआधी ताप, वजन, जुने आजार, पडणे-झडणे याची चौकशी करणार का?
४. किती वेळा यावे लागेल, एकूण खर्च किती, पावती देणार का?
५. आराम पडला नाही तर पुढे कोणत्या डॉक्टरकडे पाठवणार?

खरा शिकलेला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. क्रमांक पुढे करतो. जो चिडतो, हसण्यावारी नेतो किंवा ‘विश्वास असेल तर या’ म्हणतो, त्याच्याकडून उठून यावे. प्रश्न विचारण्याची लाज बाळगू नका. पाठ आपली आहे, पैसा घामाचा आहे, आणि समोरचा माणूस कोण हे विचारण्याचा हक्क कायद्याने आपल्याला दिलेला आहे. पुढच्या आठवड्यात वस्तीत आरोग्य बैठक असेल तेव्हा आपल्या भागातल्या पाट्या कोणकोणत्या, त्यांच्यावर नोंदणी क्रमांक आहे की नाही, एवढे वहीत लिहून आणा. अर्ज आपण सगळे मिळून करू.